विंचवाचं बिऱ्हाड : जावाच्या सर्व्हरनं घर बदललं त्याची गोष्ट

कोडच्या एका ओळीतला एकच शब्द बदलायचा आहे. रोमन लिपीत पाच अक्षरांचा 'जावाएक्स' खोडायचा आणि तिथं सात अक्षरांचा 'जकार्ता' लिहायचा. पुढचं 'डॉट सर्व्हलेट' जसंच्या तसं. एडिटरला सांगितलं तर हजार फायलींमध्ये हा बदल तो काही सेकंदांत करून देईल.

तरीही गेली काही वर्षं जगभरच्या कंपन्या या एका शब्दापायी महिनोन् महिने टीम बसवून आहेत. बँकांचे पोर्टल, विम्याचे अर्ज, कारखान्यांच्या हजेरीच्या सिस्टिम, विद्यापीठांचे निकाल, सगळीकडे जावात लिहिलेले जुने वेब अॅप्लिकेशन्स आहेत. त्यांना जुन्या सर्व्हरमधून उचलून नव्या, अॅपच्या पोटातच बसणाऱ्या सर्व्हरवर आणायचं, हे काम हिंजवडीपासून ऐरोलीपर्यंत हजारो तरुण हात करत असतात. त्याला नाव 'मायग्रेशन'. रेझ्युमेवर ते एका ओळीत मावतं. त्याच्यामागचा इतिहास मात्र तीस वर्षांचा आहे, आणि त्यात एक बेट आहे, एक बोका आहे, सिडनीचं एक उपनगर आहे आणि 'नाव कुणाच्या मालकीचं?' हे भांडणही आहे.

प्रत्येक गिऱ्हाइकाला नवा आचारी

१९९३-९४ च्या सुमारास वेब म्हणजे मुख्यतः फायली होत्या. तुम्ही पान मागायचं, सर्व्हरनं डिस्कवरची फाइल उचलून द्यायची. पान जागच्या जागी तयार करायचं असेल, म्हणजे शोधाचे निकाल किंवा फॉर्मचं उत्तर द्यायचं असेल, तर सीजीआय नावाची पद्धत होती. विनंती आली की सर्व्हर एक नवा प्रोग्रॅम सुरू करायचा. बहुतेकदा तो पर्लमध्ये लिहिलेला असे. उत्तर दिलं की प्रोग्रॅम संपला. पुढची विनंती आली की पुन्हा पहिल्यापासून.

खानावळीत प्रत्येक गिऱ्हाइकासाठी नवा आचारी नेमायचा, त्यानं चूल पेटवायची, एक ताट वाढायचं आणि घरी जायचं, असा हा कारभार. दिवसाला पन्नास गिऱ्हाइकं असतील तर चालतो. पाच हजार आली की आचाऱ्यांच्या गर्दीतच खानावळ कोसळते.

मे १९९५ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सनं जावा ही भाषा जाहीर केली. जेम्स गॉस्लिंग आणि सहकाऱ्यांनी तिचा पाया घातला होता तो घरगुती उपकरणांसाठी. नाव होतं ओक. मग ती ब्राउझरमध्ये हलती चित्रं दाखवणाऱ्या अॅप्लेटमुळे गाजली. पण तिचं खरं बस्तान बसलं ते पडद्यामागे, सर्व्हरवर. अॅप्लेट ब्राउझरमध्ये चालतं, तसंच सर्व्हरमध्ये चालेल ते 'सर्व्हलेट'. १९९६ च्या पहिल्या जावावन परिषदेत ही कल्पना लोकांसमोर आली. सनमधल्या पावनी दिवाणजी यांनी पहिलं सर्व्हलेट स्पेसिफिकेशन घडवलं आणि १९९७ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली.

फरक साधा होता. सर्व्हलेट एकदाच मेमरीत येतं आणि तिथंच राहतं. प्रत्येक विनंतीला नवी प्रोसेस उभी राहत नाही. त्याच प्रोसेसमधला एक थ्रेड ते काम करतो. चूल पेटलेलीच, आचारी उभाच, गिऱ्हाईक आलं की ताट तयार. डेटाबेसची कनेक्शन्सही आधीच उघडून ठेवता येतात.

पण चूल कायम पेटती ठेवायची तर तिला सांभाळणारं कुणीतरी लागतं. त्या सांभाळणाऱ्याला म्हणतात कंटेनर.

वाडा

सनमध्ये जेम्स डंकन डेव्हिडसन यांनी सर्व्हलेट स्पेसिफिकेशनचा नमुना म्हणून एक कंटेनर लिहिला. तो पुढे ओपन सोर्स होईल अशी त्यांना आशा होती. ओपन सोर्स प्रकल्पांवर ओरायली प्रकाशनाची पुस्तकं निघत आणि त्यांच्या मुखपृष्ठावर प्राणी असे. म्हणून त्यांनी स्वतःची काळजी स्वतः घेणारा प्राणी निवडला, बोका. टॉमकॅट. पुढे ओरायलीचं टॉमकॅटवरचं पुस्तक आलं, पण मुखपृष्ठावर हिमबिबट्या होता. बोका आधीच दुसऱ्या पुस्तकाला गेला होता.

१९९९ मध्ये सननं हा कोड अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनला दिला. अपाचीनं या जावा प्रकल्पांसाठी जे छत्र उभं केलं त्याचं नाव 'जकार्ता'. हे नाव आलं सनच्या इमारतीतल्या एका मीटिंग रूमवरून, जिथं या चर्चा झाल्या होत्या. त्या इमारतीतल्या खोल्यांची नावं कॉफीशी नातं सांगणारी होती. जावा हे इंडोनेशियातल्या कॉफीच्या बेटाचं नाव, आणि जकार्ता त्याच बेटावरचं शहर. हे नाव लक्षात ठेवा, वीस वर्षांनी ते परत येणार आहे.

त्याच वर्षी सर्व्हलेट २.२ नं 'वॉर' फाइल आणली. वॉर म्हणजे वेब अर्काइव्ह. पानं, कोड, लायब्ररी सगळं एका गाठोड्यात. हे गाठोडं सर्व्हरच्या ठरलेल्या फोल्डरात टाकायचं, सर्व्हर ते उघडून चालू करतो. डिसेंबर १९९९ मध्ये मोठ्या कंपन्यांसाठीचा सगळा सरंजाम जे-टू-ई-ई या नावाखाली एकत्र आला.

आता रचना झाली ती जुन्या वाड्यासारखी. सर्व्हर म्हणजे वाडा, अॅप्स म्हणजे भाडेकरू. नळ सामाईक, मीटर सामाईक, दिंडी दरवाजा एक. डेटाबेसचा पत्ता आणि पासवर्ड अॅपला माहीत नसायचा. वाड्याच्या मालकाकडे, म्हणजे सर्व्हरच्या एक्सएमएल फाइलमध्ये असायचा. अॅपनं फक्त नावानं मागायचं. लॉगिन, लॉग फाइल, सेशन, हेही पुष्कळदा सर्व्हरच बघायचा. बीईएचा वेबलॉजिक आणि आयबीएमचा वेबस्फिअर हे श्रीमंत वाडे. त्यांच्या लायसन्सची रक्कम ऐकून छोट्या कंपन्या टॉमकॅटकडे वळत.

त्या काळाच्या हिशेबानं ही रचना बरोबरच होती. मशीन महाग होतं, मेमरी महाग होती. एका मोठ्या सर्व्हरवर दहा अॅप्स दाटीवाटीनं राहणं परवडायचं. सर्व्हर सांभाळणारे वेगळे, कोड लिहिणारे वेगळे. गाठोडं भिंतीवरून पलीकडे दिलं की डेव्हलपरचं काम संपलं.

पण वाड्यात राहिलेल्यांना वाड्याची दुखणी माहीत असतात. एका भाडेकरूनं मेमरी खाल्ली की सगळ्यांचा श्वास कोंडायचा. एकाला जावाची नवी आवृत्ती हवी असेल तर दहाही जणांना तयार व्हावं लागायचं. वॉर फाइल चालू सर्व्हरवर पुन्हा पुन्हा टाकली की जुन्या क्लासेसचे अवशेष मेमरीत साचत आणि चार-पाच वेळा झालं की 'पर्मजेन स्पेस' अशी तक्रार करून सर्व्हर मान टाकायचा. २०१४ मध्ये जावा ८ नं मेमरीचा तो कप्पाच मोडीत काढला, पण तोपर्यंत एका पिढीच्या रात्री त्यात गेल्या. आणि 'माझ्या मशीनवर तर चालतंय' या वाक्याचा उगम बहुतेकदा इथंच असायचा. डेव्हलपरचा वाडा वेगळा आणि प्रॉडक्शनचा वेगळा.

सिडनीत एकानं उलटा विचार केला

याच्याही आधी, १९९५ मध्ये, सिडनीच्या बालमेन उपनगरात ग्रेग विल्किन्स यांनी एका छोट्या अॅप्लिकेशनसाठी जावात वेब सर्व्हर लिहिला होता. ते अॅप्लिकेशन होतं तक्रारींची नोंद ठेवणारं. सर्व्हर ही त्यातली दुय्यम गोष्ट. अॅपला वेबवर बोलता यावं म्हणून जोडलेली. तोच सर्व्हर पुढे 'जेटी' झाला. जेटी म्हणजे धक्का, बोटी लागतात तो.

जेटीचा जन्मच अॅपच्या पोटात झाल्यामुळे त्याच्या मंडळींनी पहिल्यापासून एक गोष्ट धरून ठेवली : अॅप सर्व्हरमध्ये टाकू नका, सर्व्हर अॅपमध्ये टाका. सर्व्हर ही इमारत नाही, एक लायब्ररी आहे. प्रोग्रॅम सुरू झाला की तोच सर्व्हरचा ऑब्जेक्ट बनवतो, पोर्ट नंबर देतो आणि चालू करतो.

आपल्याकडे यासाठी म्हण तयारच आहे. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. जाईल तिथं घर सोबत. मालकाची परवानगी नको, सामाईक नळ नको.

बराच काळ ही पद्धत हौशी किंवा खास कामांपुरती मानली गेली. हडूपसारख्या प्रकल्पांनी आपली माहितीची पानं दाखवायला पोटातच जेटी ठेवला. पण बँकेचं अॅप असं चालवायचं म्हटलं असतं तर सर्व्हर सांभाळणाऱ्यांनी भुवया उंचावल्या असत्या.

बरणी

मत बदललं ते मशीन स्वस्त झाल्यावर. क्लाउडवर पाच मिनिटांत नवं मशीन मिळू लागलं, तेव्हा दहा अॅप्सनी एका वाड्यात दाटीनं राहण्याचं कारणच उरलं नाही. २०११ मध्ये हेरोकूच्या लोकांनी क्लाउडवर चालणाऱ्या अॅपसाठी बारा नियम लिहिले. त्यातला एक असा की अॅपनं स्वतःच पोर्ट उघडून सेवा द्यावी, बाहेरच्या सर्व्हरवर विसंबू नये. २०१३ मध्ये डॉकर आला आणि एक अॅप, एक डबा ही सवय लागली.

स्प्रिंग ही तोवर जावा जगातली सगळ्यात लाडकी फ्रेमवर्क झालेली होती. जे-टू-ई-ईच्या जडपणाला कंटाळून रॉड जॉन्सन यांनी २००२ मध्ये लिहिलेल्या पुस्तकातून ती उगवली होती. ऑक्टोबर २०१२ मध्ये एका वापरकर्त्यानं स्प्रिंगकडे मागणी नोंदवली की वेगळ्या कंटेनरशिवाय वेब अॅप उभं करणं सोपं करा. त्या मागणीतून स्प्रिंग बूट जन्माला आलं, १.० आवृत्ती एप्रिल २०१४ मध्ये आली. आता वॉरऐवजी साधी जार फाइल बनते, आणि टॉमकॅट किंवा जेटी तिच्या पोटातच असतो. एक कमांड दिली की अॅप चालू. 'मेक जार, नॉट वॉर' ही घोषणा तेव्हाची. मराठीत ती आणखी छान जमते, कारण आपल्याला जार म्हटलं की बरणीच आठवते. सगळं मुरवून, झाकण लावून, कुठंही नेता येईल अशी.

नाव कुणाचं?

इथपर्यंत ही गोष्ट तंत्राची होती. पुढची मालकीची आहे.

जानेवारी २०१० मध्ये ओरॅकलनं सन मायक्रोसिस्टिम्स ताब्यात घेतली. जावा हे नाव, तिचा ट्रेडमार्क, सगळं ओरॅकलकडे गेलं. २०१७ मध्ये ओरॅकलनं कंपन्यांसाठीचा तो जुना सरंजाम, आता त्याचं नाव जावा ई-ई होतं, एक्लिप्स फाउंडेशन या ना-नफा संस्थेकडे सोपवायचं ठरवलं. कोड मिळाला, स्पेसिफिकेशन्स मिळाली. नाव मिळालं नाही. 'जावा' हा शब्द वापरता येणार नव्हता. म्हणून २०१८ मध्ये लोकांनी मतदान करून नवं नाव निवडलं : जकार्ता ई-ई. कॉफीच्या नावांच्या इमारतीतली ती खोली अशी परत आली.

पण कोडमध्ये पॅकेजची नावं अजून 'जावाएक्स'नं सुरू होत होती. एक्स म्हणजे एक्स्टेन्शन, मूळ भाषेला दिलेली जोड. यावर दोन्ही पक्षांची बोलणी बराच काळ चालली आणि मे २०१९ मध्ये जाहीर झालं की जुळलं नाही. जावाएक्स नावाची पॅकेजेस आहेत तशी वापरा, पण त्यांत एक अक्षर बदलायचं नाही. म्हणजे घर तुमचं, पण पाटी आमची. आणि पाटी ठेवायची असेल तर घरात खिळाही ठोकायचा नाही.

वाढ हवी असेल तर नाव सोडणं भाग होतं. प्रश्न होता, हळूहळू सोडायचं की एका झटक्यात? झटका निवडला गेला. डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या जकार्ता ई-ई ९ मध्ये सांगण्यासारखं नवं वैशिष्ट्य जवळपास नव्हतं. होतं ते फक्त नामांतर. टॉमकॅट ९ जुन्या नावावर राहिला, टॉमकॅट १० नव्या नावावर गेला. नोव्हेंबर २०२२ मध्ये स्प्रिंग बूट ३ आलं, किमान जावा १७ आणि फक्त जकार्ता अशा अटीसह. वर्षभरानं, नोव्हेंबर २०२३ मध्ये, जुन्या २.७ आवृत्तीचा मोफत आधारही संपला. आता ज्यांना थांबायचं होतं त्यांच्या पायाखालची फळी सरकली.

शोधा आणि बदला

मग काही सेकंदांचं काम महिन्यांवर का जातं?

पहिलं कारण, सगळे 'जावाएक्स' बदलायचे नसतात. डेटाबेससाठीचं 'जावाएक्स डॉट एसक्यूएल', गुप्तलेखनाचं 'जावाएक्स डॉट क्रिप्टो' ही मूळ जावाचाच भाग आहेत. ती तशीच राहतात. सरसकट बदललं की कोड मोडला.

दुसरं, तुमचा कोड तुम्ही बदलाल, लायब्ररींचं काय? कंपाइल झालेल्या क्लास फाइलमध्ये पॅकेजचं पूर्ण नाव कोरलेलं असतं. दहा वर्षांपूर्वीची रिपोर्ट छापणारी एखादी जार जुन्या नावाचा फिल्टर घेऊन उभी असेल, तर नव्या सर्व्हरच्या लेखी ती अनोळखी. टॉमकॅटच्या लोकांनी अशा जुन्या जार थेट बदलून देणारं साधन बनवलं आहे, ते बरंच काम करतं. पण एक्सएमएलमध्ये, स्ट्रिंगमध्ये दडलेली नावं माणसालाच तपासावी लागतात.

तिसरं कारण सगळ्यात धोक्याचं. जावात ओळखीचं नसलेलं अॅनोटेशन चूक मानलं जात नाही, ते मुकाट दुर्लक्षिलं जातं. समजा, लॉगिन तपासणाऱ्या एका फिल्टरवर जुन्या नावाचं अॅनोटेशन राहिलं, आणि जुनी सर्व्हलेट जारही क्लासपाथवर तशीच पडून आहे. कोड कंपाइल होईल. अॅप चालू होईल. लॉगमध्ये लाल अक्षर दिसणार नाही. फक्त तो फिल्टर कधीच चालणार नाही, आणि ज्या पानांपुढं पहारेकरी होता ती पानं उघडी पडतील. म्हणून अशा कामात 'चालू झालं' याला काही अर्थ नसतो. 'जे अडायला हवं ते अडतंय का' हे तपासावं लागतं.

आणि चौथं, वाड्यात सामाईक होतं ते सगळं आता स्वतःचं आणावं लागतं. डेटाबेसचा पत्ता, पासवर्ड, लॉग, सेशन. जेएसपी पानं जारमध्ये नीट चालत नाहीत. वेबअॅपच्या फोल्डरातच ग्राहकांच्या फायली साठवणारा जुना कोड असेल, तर बरणीत तसं फोल्डरच नसतं. कुणीतरी पंधरा वर्षांपूर्वी सर्व्हरवर हातानं केलेलं एखादं सेटिंग, ज्याची नोंद कुठंही नाही, ते याच वेळी उजेडात येतं.

जेनकिन्सनं काय केलं

हे सगळं एका खऱ्या उदाहरणात बघायचं तर जेनकिन्ससारखं दुसरं नाही. कोड बिल्ड आणि टेस्ट करणारं हे साधन कोहसुके कावागुची यांनी सनमध्ये असताना 'हडसन' नावानं सुरू केलं. ओरॅकल आल्यावर नावावरूनच वाद झाला आणि जानेवारी २०११ मध्ये समुदायानं २१४ विरुद्ध १४ मतांनी नवं नाव घेतलं, जेनकिन्स. म्हणजे पाटी सोडून घर वाचवण्याचा अनुभव यांना आधीच होता.

जेनकिन्स पहिल्यापासून दोन्ही प्रकारे चालतं. त्याची वॉर फाइल टॉमकॅटमध्ये टाकता येते आणि थेट कमांडनंही चालवता येते, कारण पोटात सर्व्हर आहे. आधी तो विन्स्टन नावाचा छोटा सर्व्हर होता, २०१३ मध्ये त्याजागी जेटी आला. २०२४ मध्ये त्यांनी जेटी १० वरून जेटी १२ वर आणि जावाएक्सवरून जकार्तावर उडी मारली.

अडचण होती अठराशेहून अधिक प्लगिनांची. वेगवेगळ्या देशांतल्या माणसांनी लिहिलेले, काहींचे लेखक केव्हाच दुसऱ्या कामाला लागलेले. सगळ्यांनी एकाच दिवशी बदल करावा हे शक्यच नव्हतं. म्हणून त्यांनी जुने क्लास जिवंत ठेवले आणि शेजारी नव्या नावाचे, शेवटी '२' लावलेले, क्लास उभे केले. जुना प्लगिन जुन्या नावानं हाक मारतो, मधला एक दुभाषा ती नव्या भाषेत पोचवतो. मोजक्या प्लगिनांना त्याच वेळी नवी आवृत्ती घ्यावी लागली. बाकीच्यांना आपापल्या सवडीनं यायची मुभा मिळाली. कोड दिसायला कुरूप झाला, पण लाखो लोकांची कामं चालू राहिली.

बिऱ्हाडाची किंमत

पाठीवरच्या बिऱ्हाडाचीही किंमत आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये टॉमकॅटमधला 'घोस्टकॅट' दोष समोर आला. ८००९ क्रमांकाचं पोर्ट, एका जुन्या प्रोटोकॉलसाठी, मुळातच उघडं ठेवलेलं असायचं. बहुतेकांना ते उघडं आहे हेही ठाऊक नव्हतं. स्प्रिंग बूटच्या पोटातला टॉमकॅट ते पोर्ट आपणहून उघडत नाही, त्यामुळे ती मंडळी बचावली. पण डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजेचा भयंकर दोष सापडला, तेव्हा उलट बाजू दिसली. शेकडो बरण्या, प्रत्येकीत आपापली लायब्ररी. कुठल्या बरणीत काय मुरलंय याची यादीच नसलेल्या कंपन्यांना झाकणं उघडून बघत बसावं लागलं. वाड्याचा सर्व्हर दुरुस्त करायचा तर एकदाच करावा लागे. पोटातला सर्व्हर दुरुस्त करायचा तर प्रत्येक अॅप पुन्हा बांधावं लागतं.

आणि काहीच न करण्याची किंमत त्याहून मोठी. मार्च २०१७ मध्ये स्ट्रट्स या जुन्या जावा फ्रेमवर्कमधल्या दोषाची दुरुस्ती उपलब्ध झाली. अमेरिकेतल्या इक्विफॅक्स या पतमाहिती कंपनीनं ती एका पोर्टलवर वेळेत लावली नाही. सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती चोरीला गेली. त्या लोकांनी स्ट्रट्सचं नावही ऐकलेलं नव्हतं.

मायग्रेशनचं काम मिळालं की पुष्कळांचा चेहरा पडतो. नवं काही बनवायचं नाही, दुसऱ्याचं जुनं पुसत बसायचं. पण भारतातल्या आयटी उद्योगाला जगाच्या नकाशावर नेणाऱ्या कामांपैकी एक वाय-टू-के होतं, आणि तेही असंच होतं : दोन आकडी वर्षांच्या जागी चार आकडी वर्षं. १ जानेवारी २००० ला काहीच विशेष घडलं नाही, आणि लोक म्हणाले, उगाच बाऊ केला होता. ज्यांनी रात्री जागून तारखा तपासल्या त्यांना माहीत होतं की काहीच घडलं नाही हेच त्यांचं काम होतं.

जावाएक्सवरून जकार्तावर गेलेलं अॅपही दुसऱ्या दिवशी अगदी कालच्यासारखंच दिसतं. पोर्टल उघडतं, पगाराची स्लिप उतरते, निकाल दिसतो. वापरणाऱ्याला काही कळत नाही. फक्त फायलीच्या वरच्या ओळींमध्ये आता एका शहराचं नाव असतं, आणि ते तिथं कसं आलं हे ती ओळ बदलणाऱ्याला ठाऊक असतं.